किटमधून वाघीण: जोडणी, वजन आणि मळाची कारणे

दौंडच्या फलाटावर उभे राहून एखादी मालगाडी पूर्ण जाईपर्यंत पाहा. चाळीस-पन्नास वाघिणी डोळ्यांसमोरून जातात आणि त्यांतल्या दोन सारख्या दिसत नाहीत. एकीच्या कोपऱ्यातून गंजाचे ओघळ उतरलेले असतात, दुसरीच्या दारांभोवती सिमेंटची करडी पूड बसलेली असते, तिसरीच्या भिंतीवर ताज्या रंगाचा चौकोन आणि त्यावर नव्या तारखा असतात. छोट्या प्रमाणातली वाघीण, म्हणजे किटमधून जोडलेली मालडब्याची प्रतिकृती, खरी वाटते ती या खुणांमुळे, आणि प्रत्येक खुणेला काही कारण असते. ते कारण कळले की ब्रश कुठे टेकवायचा आणि कुठे नाही, हे आपोआप कळते.

पण त्याआधी वाघीण नीट चालली पाहिजे. वाकडी जोडलेली किंवा हलकी वाघीण कितीही देखणी रंगवली तरी पहिल्याच सांध्यावर घसरते, आणि घसरलेली वाघीण सारखी उचलून ठेवताना तो सुंदर मळ बोटांना लागून निघून जातो. म्हणून जोडणीत घाई करू नका.

प्रमाण आणि पहिले किट

एचओ म्हणजे १:८७ आणि ओओ म्हणजे साधारण १:७६. दोन्ही १६.५ मिमी रुंदीच्या रुळांवर चालतात, म्हणून दुकानात आणि आंतरजालावर त्यांची सरमिसळ झालेली दिसते. एन म्हणजे १:१६० (ब्रिटिश एन १:१४८), रूळ ९ मिमी. पहिल्याच किटला एन घेऊ नका. आसाच्या टोकाशी अर्धा मिलिमीटर चुकला तरी एनमध्ये वाघीण चालत नाही. एचओ प्रत्यक्षात किती मोठे दिसते, हे पाहायचे असेल तर पुण्यात कोथरूडमधले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. ते १९९८पासून लोकांसाठी खुले आहे. किट मागवण्याआधी तिथे एक फेरी मारा. कुठल्या आकाराची वाघीण आपल्या घरातल्या मांडणीत शोभेल, हे चित्रांवरून समजत नाही.

एक तडजोड आधीच मान्य करावी लागते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. १:८७मध्ये तो १९.३ मिमी व्हायला हवा, पण एचओचा रूळ १६.५ मिमीच असतो. म्हणजे भारतीय वाघीण एचओत केली की ती समोरून पाहताना जराशी अरुंद पायांवर उभी दिसते. बाजूने पाहताना हे जाणवत नाही.

पहिले किट प्लॅस्टिकचे, चार चाकांचे आणि उघडे घ्या. ब्रिटिश सोळा टनी खनिज वाघीण त्यासाठी उत्तम. खरी साडेसोळा फूट लांब, आसांमधले अंतर नऊ फूट. ओओमध्ये डबा ६६ मिमी आणि आसांमधले अंतर ३६ मिमी. भाग थोडे, भिंती सपाट, आतली बाजूही दिसते, त्यामुळे गंज रंगवायला भरपूर जागा. डॅपोल आणि पार्कसाइड यांची अशा चारचाकींची किटे परवडण्यासारखी आहेत.

त्यानंतर बॉक्सएनकडे वळा. आपल्याकडची कोळशाची ही उघडी वाघीण कपलरसकट (कपलर म्हणजे दोन वाघिणी जोडणारा आकडा) १०.७१३ मीटर लांब, म्हणजे एचओत १२३ मिमी. चाकाचा व्यास १००० मिमी, म्हणजे ११.५ मिमी. कॅसनब बोगीच्या (बोगी म्हणजे डब्याखालचा दोन आसांचा, वळणारा सांगाडा) दोन आसांमधले अंतर २००० मिमी, म्हणजे २३ मिमी. हे आकडे कागदावर लिहून भिंतीवर लावा. बाजारात सहज मिळणाऱ्या अमेरिकन बोगीत आसांमधले अंतर सुमारे २० मिमी आणि चाक १०.५ मिमीपर्यंत असते. तीन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण बोगी आखूड दिसली की सगळी वाघीणच परकी वाटते. भारतीय वाघिणींचे भाग थ्रीडी प्रिंटचे असले, तर बोगी मागवताना हे २३ मिमी आधी विचारून घ्या.

सामान

मोठी यादी लागत नाही. स्प्रू (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात ती) कापायची सपाट तोंडाची कटर-पकड, टोकदार पात्याची सुरी, बारीक कानशी, पिन व्हाइस (बोटांनी फिरवायची ड्रिलची मूठ) आणि ०.३, ०.५, ०.८, १ मिमीची ड्रिल, टोकदार चिमटा. यांतले निम्मे सामान सोनाराचे आहे, आणि सोन्या मारुती चौकाच्या आसपास सोनारांची हत्यारे विकणाऱ्यांकडे ते हातात घेऊन, धार पाहून घेता येते. ४००, ८०० आणि १२०० नंबरचा वॉटर पेपर, अराल्डाइट, टर्पेंटाइन, आयसोप्रोपिल अल्कोहोल यांसाठी रविवार पेठ, बोहरी आळी. हॅन्डरेलसाठी, म्हणजे हाताने धरायच्या गजांसाठी, मोटर वाइंडिंगची ३० गेजची तांब्याची तार घ्या. ती सुमारे ०.३१ मिमी जाड असते, म्हणजे एचओमध्ये २७ मिमीचा गज. तारेचे एक टोक शिकंज्यात धरून दुसरे पकडीने हळूच ताणा. तार किंचित लांबते आणि छडीसारखी सरळ होते.

सगळ्यात उपयोगी वस्तू मात्र ओट्याच्या ग्रॅनाइटचा तुकडा. साधारण २० सेंमी चौरस, पॉलिश केलेला. फरशीवाल्याकडे असे तुकडे पडलेले असतात. टेबल, लाकडी पाट, कटिंग मॅट यांतले काहीही खऱ्या अर्थाने सपाट नसते. सोबत सुताराचा छोटा गुण्या आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा ठेवा.

गोंद तीन लागतात आणि त्यांची कामे वेगळी आहेत. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायला पॉलिस्टायरीनचे पातळ सिमेंट. तामियाचे हिरव्या झाकणाचे सोयीचे. ते चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते. धातूला प्लॅस्टिक जोडायला फेविक्विक. वजन बसवायला अराल्डाइट. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटवर पातळ सिमेंटचा काहीही परिणाम होत नाही. तिथे फेविक्विक किंवा अराल्डाइटच. सिमेंट वापरताना खिडकी उघडी आणि पंखा बंद. पंख्याच्या वाऱ्याने ब्रशवरच ते उडून जाते आणि सांधा कच्चा राहतो.

जोडणी

स्प्रू कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुवा आणि वाळू द्या. साच्यातून प्लॅस्टिक सुटावे म्हणून लावलेला तेलकट थर राहिला, तर महिनाभराने रंग नखाने निघतो. थ्रीडी रेझिन असेल तर अल्कोहोलने पुसा आणि पृष्ठभाग चिकट लागत असल्यास दोन-तीन तास उन्हात ठेवा. त्याहून जास्त नको, पातळ भिंती वाकतात.

भाग पिळून तोडू नका. स्प्रूपासून एक मिलिमीटर अंतर ठेवून कापा, मग उरलेला खुंट सुरीने आणि वॉटर पेपरने काढा. एकदम भागालगत कापले की प्लॅस्टिक पांढरे पडते किंवा टवका आत निघतो. एका वेळी लागतील तेवढेच भाग काढा. ब्रेकचे डावे-उजवे भाग स्प्रूवरून सुटले की हमखास उलटे बसतात.

चार भिंती जोडण्याआधी आतून कडा ग्रॅनाइटवर ठेवलेल्या ४०० नंबरच्या वॉटर पेपरवर दोन-चार वेळा घासा. साच्यातून भाग सुटावा म्हणून कडांना किंचित उतार दिलेला असतो, आणि तो तसाच ठेवला की कोपऱ्यात केसाएवढी फट राहते. आता एक बाजूची आणि एक टोकाची भिंत गुण्याला टेकवून काटकोनात धरा, आतल्या बाजूने सांध्याला सिमेंटचा ब्रश टेकवा. केशाकर्षणाने द्रावण आपोआप फटीत पसरते. दहा सेकंद धरा, सोडा. दुसरी जोडी तशीच करा. दोन्ही ‘एल’ अर्धा तास वाळले की मग तळाभोवती एकत्र आणा. सांध्याजवळ बोट असेल तर सिमेंट बोटाखाली शिरते आणि बोटाचा ठसा भिंतीवर कायमचा उमटतो. असा ठसा पुसू नका. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक पुन्हा कडक झाल्यावर ८०० आणि १२०० नंबरने घासून काढा.

बंद वाघीण किंवा टँकर करत असाल तर तळाला, दिसणार नाही अशा जागी, २ मिमीची दोन भोके आधीच पाडून ठेवा. सिमेंटची वाफ आत कोंडली तर प्लॅस्टिक आतून मऊ पडत राहते. आज सरळ दिसणारी भिंत तीन आठवड्यांनी आत बसते, आणि मग त्यावर इलाज नाही.

आता खरे काम: सोलबार, म्हणजे तळाखालच्या दोन लांब तुळया, आणि त्यांना लागून आस धरणारे भाग. आसाची टोके सुईसारखी निमुळती असतात आणि पितळी बेअरिंगच्या वाटीत फिरतात. ब्रिटिश चारचाकीत आस २६ मिमी लांब. बेअरिंग २ मिमीच्या भोकात पूर्ण आत बसले पाहिजे. ते किंचित बाहेर राहिले की सोलबार फाकतात. भोक लहान वाटले तर हाताने पिन व्हाइसने मोठे करा, मशीन लावू नका, प्लॅस्टिक वितळते.

एक सोलबार पक्का करा. दुसरा सिमेंटने नुसता टेकवा, दोन्ही आस मध्ये बसवा आणि लगेच वाघीण चाकांवर ग्रॅनाइटवर ठेवा. वरून डब्यावर दोन बोटांनी हलका दाब द्या. चारही चाके टेकतात का पाहा. चाकाखाली कागदाची पट्टी सरकवून बघितले की लगेच कळते: पट्टी एका चाकाखालून सहज गेली, तर ते चाक हवेत आहे. सिमेंट अजून ओले असल्याने सोलबार किंचित हलवून हे सुधारता येते. याच दोन-तीन मिनिटांत वाघिणीचे नशीब ठरते. वरून पाहताना दोन्ही आस एकमेकांना समांतर हवेत. दोन्ही बाजूंना आसांमधले अंतर व्हर्नियरने मोजा, फरक ०.२ मिमीपेक्षा जास्त नको. मग रात्रभर हात लावू नका.

आस फिरतो पण बाजूला जरा हलतो, हे बरोबर. अजिबात हलत नसेल तर घट्ट आहे. एक मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर सोलबार फाकले आहेत, वाघीण डुलत जाईल. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर १४.५ मिमी असावे. किटसोबत आलेली चाके बहुधा ठीक असतात, पण मोजल्याशिवाय बसवू नका, कारण सांध्यांवर आणि क्रॉसिंगवर घसरण्याचे पहिले कारण हेच असते. चाक आसावर सरळ बसले आहे ना, हेही आस बोटांत फिरवून पाहा. डगमगणारे चाक सुधारण्यापेक्षा बदलणे सोपे.

बोगीच्या वाघिणीत आठही चाके टेकवण्याची वेगळी युक्ती आहे. एका बोगीचा स्क्रू इतपत आवळा की ती वळेल, पण डावी-उजवीकडे कलणार नाही. दुसरीचा स्क्रू अर्धा-पाऊण फेरा सैल ठेवा, म्हणजे ती वळेलही आणि कलेलही. अशी वाघीण तीन टेकूंवर उभी राहते आणि तीन पायांची तिवई कधी डगमगत नाही. दोन्ही बोग्या घट्ट केल्या तर वाघीण एका चाकावर उचलली जाते. दोन्ही सैल केल्या तर बोटीसारखी डोलते. मग ४३८ मिमी त्रिज्येच्या वळणावर हाताने ढकलून पाहा. चाकाचा काठ तळाला किंवा ब्रेकच्या दांड्याला घासत असेल, तर तिथे चकाकीची रेघ उमटते, तेवढेच कापा.

कपलरला फार शब्द नकोत. केडी या कंपनीचे बसवत असाल तर मध्याची उंची रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिमी. त्यांचे उंचीचे माप मिळते, ते वापराच. कपलरच्या डबीत तेल घालू नका, ६बी पेन्सिलची पूड चिमूटभर पुरते. तेलाला धूळ चिकटते आणि कपलर मध्यावर परत येत नाही.

वजन

अमेरिकेच्या मॉडेल रेल्वे संघटनेची एचओसाठी शिफारस अशी: २८ ग्रॅम अधिक डब्याच्या लांबीच्या दर सेंटिमीटरला ५.६ ग्रॅम. बॉक्सएनचा डबा एचओत सुमारे ११.२ सेंमी, म्हणजे एकूण ९१ ग्रॅम. ब्रिटिश चारचाकीला साधारणपणे दर आसाला २५ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम धरतात. आपली गाडी लहान, आठ-दहा वाघिणींची असेल तर अमेरिकन आकडा घ्या. वीस वाघिणी एका इंजिनाने ओढायच्या असतील आणि चढ असेल, तर थोडे हलके ठेवा. पण सगळ्या वाघिणी एकाच नियमाने भरा. जड वाघिणींच्या मध्ये एक हलकी अडकली की वळणावर तीच आत पडते.

वजनासाठी टायरच्या दुकानात मिळणाऱ्या, मागे चिकटपट्टी असलेल्या ५ आणि १० ग्रॅमच्या बॅलन्सिंग पट्ट्या सोयीच्या. त्या चपट्या असतात, उघड्या वाघिणीच्या तळाखाली सोलबारच्या मध्ये मावतात. चिकटपट्टीवर विसंबू नका, पुण्याच्या उन्हाळ्यात ती सुटते; कडेने अराल्डाइटची रेघ द्या. पट्ट्या लोखंडी आणि तुमच्या मांडणीत चुंबकाने कपलर सोडायची सोय असेल, तर वाघीण चुंबकावर थबकते. तेव्हा शिसे किंवा पितळ वापरा.

शिशाबाबत एक गोष्ट ठळक लिहावी लागते. शिशाचे छर्रे फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात कालवून वाघिणीच्या पोटात भरू नका. त्या गोंदातून हळूहळू सुटणाऱ्या आम्लाची शिशाशी अभिक्रिया होते, पांढरा क्षार तयार होतो, तो फुगतो, आणि दोन-चार वर्षांनी टँकरचे पोट शिवणीतून फाटते. छर्रे अराल्डाइटनेच बसवा. शिसे हाताळल्यावर हात धुवा, आणि लहान मुले असलेल्या घरात ते टेबलावर उघडे ठेवू नका.

आता चालवून पाहा. एक मीटर लांबीच्या फळीवर रूळ ठोका, एका टोकाखाली २ सेंमीचा ठोकळा द्या आणि वाघीण वरच्या टोकाला सोडा. न ढकलता खाली गेली पाहिजे. अडत असेल तर आसाच्या टोकाशी प्लॅस्टिकचा कण किंवा सिमेंटचा थेंब असतो. ही परीक्षा रंगाआधी घ्या आणि रंगानंतर पुन्हा घ्या.

रंग आणि क्रमांक

पुण्यात रंगाचे उत्तम दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत स्प्रेचा रंग, विशेषतः लॅकर, वाळताना पांढुरका पडतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात स्प्रेचे कण हवेतच वाळतात आणि भिंतीला खरखरीत पावडरीसारखे चिकटतात. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत फवारा, पावसाळ्यात पाऊस उघडलेला दिवस पाहा.

आधी करडा प्राइमर, मग मूळ रंग. बॉक्सएन आणि बीसीएनचा (ही बंद वाघीण) लालसर तपकिरी रंग हार्डवेअरच्या दुकानातल्या रेड ऑक्साइडच्या जवळचा असतो, पण त्या डब्यातले द्रावक पॉलिस्टायरीनला खाऊ शकते. उरलेल्या स्प्रूवर फवारून एक दिवस थांबा. पृष्ठभाग मऊ पडला किंवा सुरकुतला, तर तो डबा बाजूला ठेवा. २० ते २५ सेंमी अंतरावरून तीन पातळ थर द्या; एक जाड थर रिव्हेट बुजवतो. मूळ रंगात पाच-दहा टक्के पांढरा किंवा फिका करडा मिसळा. खऱ्या वाघिणीचा नेमका रंग जसाच्या तसा लावला की छोट्या वाघिणीवर तो गडद आणि जड दिसतो.

अक्षरांआधी चकचकीत वार्निश द्या. मॅट पृष्ठभागावर डिकलखाली (डिकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरे) हवा अडकते आणि कडेने चंदेरी चमक दिसते, मग ती कशानेही जात नाही. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, आणि आपल्या वाघिणींची अक्षरे तर पांढरी. व्हाइट टोनर असलेल्या छपाईवाल्याकडून पारदर्शक डिकल कागदावर एका पानात वीस-पंचवीस वाघिणींची अक्षरे एकदम काढून घ्या.

क्रमांक मनाने टाकू नका, त्याला व्याकरण आहे. भारतीय वाघिणीचा क्रमांक अकरा आकडी: पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार (उघड्या वाघिणींना १० ते २९, बंद वाघिणींना ३० ते ३९), पुढचे दोन मालक रेल्वे (मध्य रेल्वे ०१), पुढचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार आकडे त्या वाघिणीचे स्वतःचे, आणि शेवटचा पडताळ्याचा. समजा १० ०१ ९८ ४३२७ असा क्रमांक ठरवला. सम स्थानांवरचे आकडे ०, १, ८, ३, ७. बेरीज १९, तिप्पट ५७. विषम स्थानांवरचे १, ०, ९, ४, २, बेरीज १६. एकूण ७३. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे ८०ला, ७ कमी. अकरावा आकडा ७. इतक्या लहान अक्षरात हे कोण तपासणार, असे वाटेल. पण बरोबर क्रमांक टाकायला चुकीच्या क्रमांकापेक्षा एक मिनिटच जास्त लागते.

मळ

ब्रश उचलण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढा: ही वाघीण काय वाहते, किती वर्षांची आहे, आणि शेवटचा रंग कधी लागला. खडकी, दौंड, लोणी अशा स्थानकांच्या फलाटांवरून आणि पादचारी पुलांवरून मालगाड्या छान दिसतात. लोणीला तेलाचे डेपो असल्याने टँकर जवळून पाहता येतात, चिंचवडला कंटेनर. रुळांवर उतरू नका, फलाटावरून दिसते तेवढे पुरेसे आहे.

कोळशाच्या उघड्या वाघिणीत आतली बाजू बाहेरच्यापेक्षा कितीतरी खराब असते. बकेटने भरताना आणि रिकामी करताना आतला रंग खरवडून निघतो, म्हणून आत रंग जवळजवळ नसतोच: गडद तपकिरी जुना गंज, कोपऱ्यांत आणि तळाला कोळशाची काळी भुकटी. बाहेरून भिंतींना धक्के बसून फुगवटे येतात, त्या फुगवट्यांच्या माथ्यावर रंगाचे पापुद्रे उडतात, तिथे गंज. उभ्या पट्ट्यांच्या खालच्या टोकाला पाणी साचते, तिथून ओघळ. ओघळ नेहमी सरळ खाली जातो. तिरका ओघळ दिसला की डोळा लगेच अडखळतो.

बंद वाघिणीचे तसे नाही. तिच्या छतावर वर्षभराची धूळ, आणि मळाचा मुख्य ठिकाणा दाराभोवती. सिमेंट वाहिले असेल तर दाराच्या खालच्या कडेशी फिकट करडी पूड, आणि पावसाने ती ओली होऊन खाली उतरल्याचे पांढरट फराटे. धान्याच्या वाघिणीवर हे फराटे घालू नका.

टँकरवर मळ वरून खाली येतो: घुमटाजवळ भरताना सांडलेल्या तेलाचा गडद, किंचित चकचकीत पट्टा पोटावरून खाली. एवढीच एक जागा चकचकीत ठेवायची, बाकी सगळे मॅट.

बोगी आणि चाके पाहा. कॅसनब बोगीत रोलर बेअरिंग असते, जुन्या वाघिणींसारखी तेल घालायची पेटी नसते. म्हणून आसाच्या टोकाशी तेलाचे काळे शिंतोडे जुन्या चारचाकीवर शोभतात, बॉक्सएनवर नाही. सगळ्या बोगीवर ब्रेकची बारीक तपकिरी धूळ बसते. लोणावळ्याहून भोर घाटातल्या १:३७ उतारावर ब्रेक लावत उतरणाऱ्या गाडीवर ती जास्त कल्पून घ्यायला हरकत नाही. रुळाला टेकणारी चाकाची पट्टी आरशासारखी चकचकीत असते. तिथे रंग गेला तर लगेच पुसा, आसाच्या टोकांनाही रंग नको.

आणखी एक स्थानिक गोष्ट. परदेशी चित्रे पाहून मळ रंगवणारे तळाला फिकट पिवळसर धूळ लावतात. आपल्याकडे रुळाखालची खडी बेसाल्टची, काळ्या फत्तराची आहे. तिची धूळ करडी, त्यात गंजाचा तपकिरी मिसळलेला. सोलबारच्या खालच्या भागाला हाच करडा-तपकिरी हवा.

आता क्रम. डिकलवर मॅट वार्निश द्या, एक दिवस वाळू द्या. मग ऑइल रंग: पांढरा, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, काळा. ट्यूबमधून पुठ्ठ्यावर काढून अर्धा तास ठेवा. पुठ्ठा त्यातले तेल शोषतो, रंग लवकर आणि मॅट वाळतो. भिंतीवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके विखरून द्या, वरच्या भागात पांढरा जास्त, खाली अंबर. सपाट ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवा, जुन्या कापडावर जवळजवळ कोरडा करा आणि वरून खाली ओढा, ब्रश वारंवार पुसत. ठिपके दिसेनासे होतात आणि भिंत उन्हापावसात उभी राहिल्यासारखी होते. जास्त झाले तर टर्पेंटाइनने सगळे पुसून पुन्हा करता येते, म्हणूनच हे काम आधी ऑइलने करायचे. दोन-तीन दिवस वाळू द्या.

गंज दोन रंगांत लावा, एका रंगात कधीच नाही. आधी गडद तपकिरी, स्पंजच्या फाटक्या तुकड्याने टिपत. मग त्याच्या मध्ये, अगदी थोडा, नारिंगी. ताजा गंज नारिंगी असतो, जुना काळपट. सगळीकडे नारिंगी लावला की वाघीण गाजरासारखी दिसते. नवशिक्यांच्या वाघिणींत ही चूक सर्वांत जास्त आढळते.

सांधे आणि रिव्हेट उठवण्यासाठी पाव लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये चहाचा एक चमचा काळी वॉटरप्रूफ शाई मिसळून ते पाणी ब्रशने सोडा. मात्र काही मॅट वार्निशांवर अल्कोहोल लागले की पृष्ठभाग दुधाळ पांढरा होतो. तळाखाली आधी करून बघा.

धुळीसाठी महाग पावडरी मागवायची गरज नाही. गेरू आहे, पिवळी माती आहे, लाकडी कोळशाची पूड आहे, चुलीची राख आहे. कुंभारवाड्यात गेरू मिळतो. हे सगळे खलात कुटून मलमलच्या दुहेरी कापडातून गाळून घ्या, नाकावर मास्क बांधून. रांगोळी वापरू नका: तिचा कण इतका जाड की एचओत तो मुठीएवढा दगड दिसतो. तेलकट पेस्टल खडूही नकोत, पूड होत नाही. सुके सॉफ्ट पेस्टल चालतात. पूड मऊ ब्रशने खालून वर लावा, कारण धूळ चाकांकडून वर उडते. वरून मॅट वार्निश फवारला की पूड निम्म्याने फिकी पडते. म्हणून एक तर हवी त्याच्या दुप्पट लावा, किंवा पूड वार्निशशिवाय ठेवा आणि वाघीण नेहमी टोकांना धरूनच उचला.

शेवटी ताज्या तारखांचा चौकोन. वाघीण दुरुस्तीहून आली की पुढच्या दुरुस्तीची माहिती नव्या रंगाच्या तुकड्यावर लिहिलेली असते. मळ पूर्ण झाल्यावर मास्किंग टेपने छोटा आयत आखून त्यात मूळ तपकिरी रंग भरा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांचे डिकल. मळलेल्या भिंतीवर एक स्वच्छ तुकडा दिसला की उरलेला मळ किती जुना आहे, ते उठून दिसते.

पूर्ण वाघीण फोमच्या डब्यात तशीच ठेवू नका. फोममधले रसायन महिन्याभरात मॅट वार्निशला चिकटते आणि पृष्ठभागावर त्याची नक्षी उमटते. आधी मऊ टिश्यू कागदात गुंडाळा, मग फोममध्ये. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि निळ्याची गुलाबी झाली की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा, नाहीतर चाकांवर खरा गंज चढेल.